सौर की सेल? घरातल्या छोट्या उपकरणांसाठी कसं ठरवायचं

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, आणि शेजारच्या मंडणगड-दापोलीकडच्या कितीतरी वाड्यांना पुढे काही आठवडे वीज दिसली नाही. आमचं घर त्यातल्याच एका वाडीत. त्या दिवसांत उजेडासाठी घरात तीन वस्तू होत्या: चार्जिंगचा इमर्जन्सी दिवा, मोठ्या सेलची विजेरी आणि एक सौर कंदील. इमर्जन्सी दिवा दुसऱ्याच रात्री संपला, आणि तो भरायला प्लगमध्ये वीजच नव्हती. आभाळ भरलेलं असताना सौर कंदील रात्री जेमतेम अर्धा-पाऊण तास टिकायचा, म्हणून पहिले चार-पाच दिवस सगळी मदार विजेरीवर. मग विजेरीचे सेल बसले. रस्त्यावर झाडं आडवी, दुकान बंद. तोवर पावसाने उघडीप दिली आणि सौर कंदील रोज संध्याकाळी भरून मिळायला लागला. पुढचे दिवस त्यानेच काढले.

तेव्हापासून कुणी विचारलं, “सोलरचं घेऊ की सेलचं?” की मी आधी प्रश्नच थोडा बदलून घेतो. सौर उपकरणातही सेल असतोच. दिवसा ऊन त्यात भरायचं आणि रात्री वापरायचं, एवढाच त्याचा कारभार. खिशातल्या कॅल्क्युलेटरसारख्या मोजक्या वस्तू सोडल्या, तर निव्वळ उन्हावर चालणारं उपकरण घरात सापडत नाही. म्हणून खरा प्रश्न असा आहे: आतला सेल रिकामा झाला की तो कोण भरणार? ऊन, भिंतीतला प्लग, की कोपऱ्यावरचा दुकानदार? प्रत्येक उपकरणासाठी याचं उत्तर वेगळं निघतं. ते कसं काढायचं, ते खाली पायरीपायरीने सांगतो. विजेचं शिक्षण लागत नाही. कागद, पेन आणि एक दिवसाचं लक्ष पुरतं.

एका शब्दाचा घोळ आधीच मिटवूया. आपल्याकडे गावात ‘बॅटरी’ म्हणजे विजेरी, म्हणजे टॉर्च. दुकानात ‘बॅटरी’ म्हणजे इन्व्हर्टरची मोठी पेटी. या लेखात मी ‘सेल’ हाच शब्द वापरणार आहे. पेन्सिल सेल, रिमोटचा बारका सेल, बटण सेल, गॅस गीझरचा जाडा सेल, आणि दिव्याच्या पोटात बसवलेला चार्जेबल सेल, हे सगळे त्यात आले.

पायरी १: घरभर फिरून यादी करा

सेलवर किंवा चार्जिंगवर चालणारी प्रत्येक वस्तू लिहा. भिंतीवरची घड्याळं, रिमोट, स्वयंपाकघरातला वजनकाटा, बीपी मशीन, साखर तपासायचं यंत्र, थर्मामीटर, गॅस गीझर, दारावरची बेल, डास मारायची रॅकेट, विजेरी, रेडिओ, अंगणातला दिवा, मुलांची खेळणी. पहिल्यांदा यादी केली तेव्हा आमच्या घरात सव्वीस वस्तू निघाल्या. मी दहा-बारा धरून चाललो होतो.

प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी लिहा. वस्तू कुठे असते, आणि वर्षातून किती वेळा सेल बदलावे किंवा चार्ज करावे लागतात. नेमकं आठवत नसेल तर घरातल्या ज्या माणसाला दुकानात पिटाळलं जातं त्याला विचारा. त्याला बरोबर माहीत असतं.

पायरी २: कोणाची भूक किती, ते बघा

यादीचे आता तीन गट पडतील.

पहिला गट नावापुरतं खाणाऱ्यांचा. भिंतीवरचं घड्याळ एका साध्या पेन्सिल सेलवर वर्षभर चालतं, कधी त्याहून जास्त. हिशेब केला तर त्याची भूक एका वॅटच्या काही हजाराव्या भागाएवढी निघते. रिमोट, थर्मामीटर, वजनकाटा हे याच पंगतीतले. रिमोट तर बटण दाबलं तेवढाच वेळ जागा असतो.

दुसरा गट माफक खाणाऱ्यांचा. छोटा रेडिओ बेताच्या आवाजात वॅटचा पाव भाग घेतो. साधी एलईडी विजेरी एक ते तीन वॅट घेते, पण रोज दहा-पंधरा मिनिटंच. डासांची रॅकेट, अंगणातला छोटा दिवा यातच येतात.

तिसरा गट खरा खादाड. इमर्जन्सी दिवा दोन ते पाच वॅट घेतो आणि तो तासन् तास लागतो. यूएसबीवरचा छोटा पंखाही तेवढंच घेतो. आणि मोबाइल. त्याच्या पोटात साधारण एकोणीस वॅट-तास मावतात (५००० एमएएचचा फोन धरला तर), आणि आपण ते जवळजवळ रोज संपवतो.

वॅट-तास हे माप एकदा समजून घ्या, कारण पुढचा सगळा हिशेब त्याच्यावर आहे. एक वॅटचा दिवा एक तास लागला की एक वॅट-तास खर्च झाला. दोन वॅटचा दिवा चार तास लावला की आठ. असे हजार झाले की वीजबिलावरचं एक युनिट.

या एका युनिटवरून एक हिशेब करून दाखवतो, म्हणजे बरेच गैरसमज जातील. चार्जेबल पेन्सिल सेलमध्ये साधारण अडीच वॅट-तास मावतात. चार्जरमधली गळती धरून तो भरायला पाच लागतात असं समजू. म्हणजे एका युनिटमध्ये दोनशे सेल भरतात. युनिटला दहा रुपये धरले तरी एक सेल भरायला पाच पैसे. त्यामुळे छोट्या उपकरणाला सौर पट्टी (सोलर पॅनेल) लावून वीजबिल वाचेल, ही अपेक्षा सोडून द्या. वाचण्यासारखं तिथे काही नाहीच. जिथे प्लग पोचत नाही, किंवा प्लगमध्ये वीज नसते, तिथे सौर उपकरण आपली किंमत वसूल करतं. गोठा, विहिरीकडची वाट, मांगर (शेतातलं खोपटं), टेरेस, ट्रेक आणि वादळानंतरचे दिवस.

पायरी ३: तुमच्याकडे ऊन किती येतं, ते मोजा

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आपले डोळे उजेडाच्या बाबतीत आपल्याला फसवतात. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली पेपर छान वाचता येतो, म्हणून घरात भरपूर उजेड आहे असं वाटतं. उजेड लक्समध्ये मोजतात. घरातल्या दिव्याखाली दोनशे ते पाचशे लक्स भरतात, आणि भर दुपारच्या उन्हात जवळपास एक लाख. म्हणजे दोनशे पट किंवा त्याहून जास्त फरक. डोळा उजेडाशी जुळवून घेऊन हा फरक आपल्यापासून लपवतो, सौर पट्टीला मात्र तो शब्दशः भोगावा लागतो. कॅल्क्युलेटर घरातल्या उजेडात चालतो, कारण त्याची भूक घड्याळापेक्षाही कमी असू शकते. कंदील कपाटावर, ट्यूबच्या खाली ठेवून भरेल, असं कधीही समजू नका.

खिडकीच्या आतली जागाही फसवी. काच थोडं अडवते, पण खरा तोटा काचेचा नाही. खिडकीला आभाळाचा एक तुकडाच दिसतो आणि ऊन तासा-दोन तासांत सरकून जातं. पूर्वेच्या गॅलरीत सकाळी ऊन येतं, पण तिरपं आणि अशक्त. उत्तरेच्या गॅलरीत हिवाळाभर थेट ऊन येतच नाही, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडून जातो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी सौर वस्तू घेण्याआधी आपली गॅलरी कोणत्या दिशेची आहे, एवढं तरी बघून घ्यावं.

आता प्रत्यक्ष मोजणी. सुट्टीच्या दिवशी, जिथे पट्टी ठेवायचा विचार आहे तिथे सकाळी आठपासून दर तासाला जा आणि हात आडवा धरा. सावली कडेकडेने रेखीव पडली तर तो तास धरायचा. पुसट पडली तर अर्धा. पडलीच नाही तर सोडून द्यायचा. नऊच्या आधीचे आणि चारनंतरचे तास रेखीव असले तरी अर्धेच धरा. बेरीज लिहून ठेवा. चार-पाच भरले तर उत्तम जागा. दोनच्या खाली आले तर तिथे सौर उपकरण लावू नका. पट्टी कितीही भारी आणलीत तरी तिथे उपयोग नाही.

सावलीबाबत आणखी एक गोष्ट. छोट्या पट्टीतले काळे तुकडे माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. एका तुकड्यावर माडाच्या झावळीची किंवा कपडे वाळत घालायच्या दोरीवरच्या साडीची सावली पडली तर तेवढ्याच तुकड्याचं नुकसान होत नाही, सगळ्या माळेची वीज घटते. आमचा अंगणातला दिवा वर्षभर नीट चालला आणि मग मंदावला. पट्टीत दोष शोधत बसलो होतो. शेजारची पपई वाढली होती, एवढंच.

आणि महिना. वर्षाची सरासरी काढली तर महाराष्ट्रात रोज साधारण पाच तासांचं पूर्ण ऊन मिळतं. पण आषाढ-श्रावणात कोकण आणि घाटमाथ्यावर ते निम्म्यावर येतं, आणि सलग काही दिवस तर नाममात्र उरतं. मार्च-एप्रिलमध्ये दुकानात कंदील बघून घेणारा माणूस खूश असतो. त्याला कंदिलाची गरज मात्र जुलैमध्ये पडते. म्हणून हिशेब नेहमी जुलैचा करायचा. विदर्भ-मराठवाड्यात ऊन हा प्रश्नच नाही, तिथला प्रश्न उष्णतेचा आहे. त्याबद्दल पुढे लिहितो.

पायरी ४: छोटं गणित

समजा दोन वॅटचा कंदील रोज चार तास हवा आहे. खर्च आठ वॅट-तास. पट्टीपासून दिव्यापर्यंत पोचताना बरंच गळतं, म्हणून पट्टीने बारा वॅट-तास द्यायला हवेत. वर्षभराच्या सरासरीने पाच तास ऊन धरलं तर अडीच वॅटची पट्टी पुरेल. जुलैचे अडीच तास धरले तर पाच वॅटची लागेल. दुकानात ‘दोन वॅटचा दिवा, दोन वॅटची पट्टी’ अशी जोडी दाखवतात आणि ती ऐकायला बरोबर वाटते. पावसाळ्यात ती पुरणार नाही.

आता आतला सेल. ढगाळ दिवशी पट्टी काहीच देणार नाही असं धरून किमान दोन रात्रींची शिदोरी हवी. दोन रात्रींचे सोळा वॅट-तास. सेल तळापर्यंत रिकामा करायचा नसतो, म्हणून वीसचा धरा. हल्लीच्या चांगल्या कंदिलांत ३.२ व्होल्टचा जाडा लिथियम फॉस्फेट सेल असतो, सहा एएचचा (म्हणजे ६००० एमएएच). सहाला ३.२ ने गुणलं की एकोणीस. बरोबर बसतं.

हेच गणित पट्टी चिकटवलेल्या ‘सोलर’ पॉवरबँकेला लावून बघा. वर २०००० एमएएच लिहिलेलं असतं, म्हणजे चौऱ्याहत्तर वॅट-तास. पाठीवरची तळहाताएवढी पट्टी फार तर दीड वॅटची. पाच तास स्वच्छ ऊन दिलं तरी दिवसाला साडेसात वॅट-तास, गळती जाऊन पाच-सहा. रिकामी पॉवरबँक भरायला दोन आठवडे लागतील, तेही रोज उन्हात ठेवली तर. आणि लिथियमचा सेल रोज भर उन्हात तापवणं हेच त्याचं आयुष्य संपवण्याचा खात्रीचा मार्ग. मी ही वस्तू कुणालाच सुचवत नाही. साधी पॉवरबँक घ्या, ती घरी प्लगवर भरा. ट्रेकला खरंच ऊन वापरायचं असेल तर वेगळी, घडी घालता येणारी दहा वॅटच्या वरची पट्टी घ्या आणि पॉवरबँक सावलीत, पिशवीत ठेवा.

पायरी ५: प्रत्येक वस्तूपुढे नाव लिहा

आता यादी घेऊन बसा आणि प्रत्येक वस्तूपुढे ऊन, प्लग किंवा दुकानदार लिहा.

घड्याळ, रिमोट, थर्मामीटर, वजनकाटा: दुकानदार. इथे चार्जेबल सेलही घेऊ नका. चार्जेबल सेल साध्याच्या आठ-दहापट महाग पडतो, म्हणजे दहा वेळा भरल्यावर कुठे तो फायद्यात येतो. विजेरीत ते काही महिन्यांत होतं, घड्याळात त्याला दहा वर्षं लागतील. शिवाय साधा सेल १.५ व्होल्टचा आणि चार्जेबल १.२ चा, त्यामुळे काही घड्याळं आणि रिमोट कुरकुर करतात. घड्याळाला महागडा अल्कलाइनही लागत नाही, साधा स्वस्त सेल पुरतो. फक्त तो संपायची वाट बघू नका. संपलेला सेल आत राहिला की पाझरतो आणि पत्रे खातो. आमच्याकडे गुढीपाडव्याला गुढी उभारून झाली की घरातल्या सगळ्या घड्याळांचे सेल बदलतात. तारीख लक्षात ठेवावी लागत नाही.

बीपी मशीन आणि साखर तपासायचं यंत्र: दुकानदारच, पण इथे काटकसर नको. बीपी मशीनला पट्टा फुगवायला एकदम जोर लागतो, त्याला अल्कलाइन सेल घाला. साखरेच्या यंत्रात बहुतेक वेळा बटण सेल असतो. त्याचा नंबर यंत्राच्या झाकणाच्या आत पाहा आणि एक जादा आणून औषधांच्या डब्यात ठेवा. रात्री अकराला तो सेल मिळत नाही.

डासांची रॅकेट, खेळणी, रोज वापरायची विजेरी, बिनतारी माऊस: प्लग. हाच चार्जेबल सेलचा खरा प्रांत. घेताना ‘रेडी टू यूज’ किंवा ‘लो सेल्फ डिस्चार्ज’ असं लिहिलेले घ्या. जुन्या पद्धतीचे चार्जेबल सेल नुसते पडून राहिले तरी महिन्या-दोन महिन्यांत बरेच उतरतात, हे वर्षभर बऱ्यापैकी भरलेले राहतात. चार सेल एकत्र घेतले तर त्यांच्यावर पेनने ‘अ’ लिहा, पुढच्या चारांवर ‘ब’. नवा-जुना, साधा-चार्जेबल असे एका उपकरणात कधी मिसळू नका. कमजोर सेल उलटा भरला जातो आणि फुटतो किंवा पाझरतो.

अंगणातला, तुळशीपुढचा, फाटकाजवळचा, गोठ्यातला दिवा: ऊन. तिथे वायर ओढायची म्हणजे पावसात शॉर्टची भीती आणि इलेक्ट्रिशियनचा खर्च. छोटी पट्टी आणि एक सेल, काम झालं.

गॅस गीझर: दुकानदार. ठिणगी पाडायला जाडे सेल लागतात आणि ते महिनोन् महिने टिकतात.

इमर्जन्सी दिवा आणि रेडिओ: याच दोन वस्तूंसाठी मी थोडे जादा पैसे खर्च करायला सांगतो. यांना दोन वाटा असू द्या. कंदील असा घ्या, जो पट्टीवरही भरतो आणि मोबाइलच्या चार्जरवरही. वीज असते तोवर प्लगवर भरून ठेवायचा, वीज गेली की ऊन कामी येतं. रेडिओ असा घ्या, ज्यात अडीअडचणीला साधे पेन्सिल सेल घालता येतात. वादळात मोबाइलचे टॉवर आधी बंद पडतात. तेव्हा आकाशवाणीवरच्या बातम्या ऐकू येतात, हे आम्ही अनुभवलं आहे. आणि एक विजेरी निव्वळ साध्या सेलची ठेवाच, सेल बाहेर काढून, पाकिटासकट. अल्कलाइन सेल पाकिटात काही वर्षं तसेच राहतात. त्यांना ऊन लागत नाही आणि प्लगही लागत नाही.

पायरी ६: दुकानात काय तपासायचं

सौर वस्तू हातात घेतली की पहिला प्रश्न: आतला सेल बदलता येतो का? मागे स्क्रू आहेत का, की सगळं चिकटवून बंद केलंय? चांगली सौर पट्टी वीस वर्षं टिकते, सेल मात्र वापर आणि दर्जा यानुसार दोन ते सात-आठ वर्षांत जातो. म्हणजे सौर उपकरण मरतं ते जवळजवळ नेहमी सेलमुळे. सेल बदलता येत नसेल तर चांगली पट्टी आणि चांगला दिवा दोन्ही कचऱ्यात जातात, आणि हे बघवत नाही. मुंबईच्या आयआयटीने शाळकरी मुलांसाठी सौर अभ्यासदिव्यांचा मोठा उपक्रम राबवला, तेव्हा दिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती गावातल्याच लोकांना शिकवली होती. दिवा गावात दुरुस्त झाला तरच गावात टिकेल, हा त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. तुमच्या शहरातला दुकानदार “सेल मिळेल, बदलून देतो” म्हणाला तर पन्नास-शंभर रुपये जास्त द्या.

दुसरं, सेलची जात. मुख्यतः तीन भेटतील. जुन्या जड इमर्जन्सी दिव्यांत शिशाचा, म्हणजे लेड-ॲसिड सेल असतो. रिकामा होऊन कपाटात सहा महिने पडला की तो कायमचा जातो. नेहमीचा लिथियम आयन ३.७ व्होल्टचा. हलका असतो, पण उष्णतेला नाजूक. आणि ३.२ व्होल्टचा लिथियम फॉस्फेट. वजनाला थोडा जास्त, पण उष्णता बरीच सहन करतो आणि दोन हजारांच्या आसपास वेळा भरता येतो. नागपूर-चंद्रपूरकडे, जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो, तिथे तिसराच घ्या.

तिसरं, आकड्यांवर डोळे झाकून विश्वास नको. बोटाएवढे लिथियम सेल, ज्यांना १८६५० म्हणतात, त्यांच्यावर सर्रास ९९०० एमएएच छापलेलं असतं. त्या आकाराच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्ये साधारण साडेतीन हजार मावतात. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा. खरा सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो. तीसच्या खाली भरला तर आत भलतंच काही आहे, त्याला हात लावू नका.

पट्टीवर काच आहे की प्लॅस्टिकचा थर, तेही पाहा. स्वस्त अंगणदिव्यांवरचा थर दोन उन्हाळ्यांत दुधाळ होतो.

पायरी ७: लावणं आणि निगा

कंदील उन्हात ठेवू नका, फक्त पट्टी उन्हात ठेवा. वायर लांब असलेला कंदील त्यासाठीच घ्यायचा. पट्टी दक्षिणेकडे तोंड करून, पंधरा ते वीस अंश कललेली. उभ्या पुस्तकासारखी नको, लिहायच्या उतरत्या डेस्कसारखी. मे ते जुलैमध्ये महाराष्ट्रात दुपारचा सूर्य डोक्यावर येतो, काही आठवडे किंचित उत्तरेलाही जातो. शून्य सावलीचा दिवस मुलांनी शाळेत अनुभवला असेल. पण तेवढ्यासाठी छोटी पट्टी फिरवत बसायची गरज नाही. उतार ठेवला की पावसाचं पाणी धूळ घेऊन जातं, हा त्याचा दुसरा फायदा.

पत्र्यावर पट्टी सपाट टेकवू नका, खालून हवा खेळू द्या. पट्टीला ऊन हवं असतं, ताप नको असतो. एकेक अंश तापली की तिची वीज अर्ध्या टक्क्याच्या आसपास घटते, आणि पत्र्यावर ती साठ-पासष्ट अंशांपर्यंत जाते. पंधरा दिवसांनी ओल्या फडक्याने पुसा. जांभ्याची लाल धूळ, किनाऱ्यालगत मिठाचा थर आणि कावळ्यांचा प्रसाद, तिन्ही उजेड अडवतात.

अंगणातला दिवा मंदावला तर फेकण्याआधी एवढं करा: पट्टी पुसा, सावली पडते का बघा, मागचे स्क्रू काढा. बहुतेकांत १.२ व्होल्टचा चार्जेबल पेन्सिल सेल निघतो. नवा आणून घातला की दहापैकी सात-आठ दिवे पुन्हा लागतात. आईने टाकायला काढलेले तीन दिवे मी असेच उठवले. एक कळकळीची सूचना: त्या जागी साधा किंवा अल्कलाइन सेल कधीही घालू नका. पट्टी त्यालाही भरायचा प्रयत्न करते, आणि तो भरायला बनवलेला नसल्याने पाझरतो, फुटूही शकतो.

वापरात नसलेला लिथियम दिवा अर्धा भरून ठेवा, शिशाचा मात्र पूर्ण भरून. दोन्ही तीन महिन्यांतून एकदा काढून भरा. मी मृगाच्या आधी आणि दिवाळीआधी असे दोन दिवस तर हमखास पाळतो.

पायरी ८: जपायचं काय, आणि संपलेले सेल कुठे टाकायचे

बटण सेल लहान मुलांपासून दूर ठेवा. हे सगळ्यात महत्त्वाचं. रुपयाएवढा लिथियम बटण सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू लागतो. मूल रडत नसलं, खेळत असलं तरी ताबडतोब दवाखान्यात न्या. उलटी काढायचा प्रयत्न करू नका. ज्या रिमोटच्या किंवा खेळण्याच्या झाकणाला स्क्रू नाही आणि आत बटण सेल आहे, त्याला चिकटपट्टी गुंडाळा.

अल्कलाइन सेल पाझरून पांढरी बुरशी धरली असेल तर हाताला पिशवी घालून सेल काढा, कापसाच्या बोळ्याला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून पत्रे पुसा, कोरडे करा. बरीच उपकरणं पुन्हा चालू होतात. लिथियम सेल फुगला असेल तर मात्र तो दाबू नका, टोचू नका, पुन्हा चार्ज करू नका. वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवून घराबाहेर काढा.

संपलेले सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायचे नाहीत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि सेलवर फुली मारलेल्या कचराकुंडीची खूण असते ती यासाठीच. पुण्या-मुंबईत ई-कचरा संकलनाच्या जागा सापडतात. गावात सहसा नसतात. आम्ही लोणच्याच्या एका रिकाम्या बरणीत सेल साठवतो, लिथियम आणि बटण सेलच्या दोन्ही तोंडांना चिकटपट्टी लावून, म्हणजे ते एकमेकांना लागून तापत नाहीत. बरणी भरली की जो कोणी शहरात जाणार असेल त्याच्या पिशवीत देतो. गेल्या खेपेला ती भरायला दीड वर्ष लागलं. त्याआधी सहा महिन्यांत भरायची.